टोपलंभर शेंगा

सासूनं, मानीबाईनं, बाभळीची साल चुलीवर उकळायला ठेवली, तशी बबिता हातचं काम टाकून अंगणात धावली.

अंगणात काजळी मान टाकून उभी होती. बबिताला माहेरहून मिळालेली गाभण शेळी. सकाळपासून ना रवंथ, ना एक लेंडी. पोट दोन्हीकडून ताणलेलं.

"पुन्हा जंतच झाले," सासू म्हणाली. "मांगं बाभळीच्या पाल्यानं कशी सुधरली होती! आता सालीचा काढा पाजतो."

सुधारली होती, खरंच. मूठभर पाल्यानं हगवण थांबली, अंगावर तकाकी आली. मुठीनं एवढं, तर टोपल्यानं केवढं, असा हिशेब बबितानं मनाशीच मांडला. सासू रानात गेली की ती बाभळीच्या वाळल्या शेंगा काजळीपुढं ओतायची. पुढंपुढं काजळी कुटाराला, रोजच्या चाऱ्याला, तोंड लावेना, तेव्हा बबिताला वाटलं, लाडावली.

"खाटीक येऊन राह्यला," बाजेवरून सासरा किसनसिंग म्हणाला. "जिती हाये तवर देऊन टाकू. मेल्यावर कोन घेते?"

"तुमाले भलतीच घाई!" मानीबाई फणकारली. "बबिते, तोंड धर तिचं."

बबितानं जबडा धरला. कान थंडगार लागले. सांगावं, तर अख्ख्या तांड्यात आपलं नाव शेंगावाली पडणार. काढ्याची बाटली काजळीच्या ओठाला टेकली.

"याडी, थांब!" बबिता सासूला म्हणाली. "जंत नाही. म्या शेंगा चारल्या. रोज. टोपलं टोपलं."

सासूचा हात हवेतच राहिला. "मले काहून नाही सांगतलं?"

"तू नाही म्हनली असती."

"म्हनलीच असती!"

काढा उकिरड्यावर गेला. बबितानं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला आणि आधी शेंगांचंच सांगितलं. थोडा पाला जंतावर बरा, पण एवढ्या तुरटपणानं पोट आवळून बसतं, ते म्हणाले. बाभूळ बंद. गोडं तेल थोडं थोडं पाजा, मी निघालोच.

तेल पाजून दोघी दोन बाजूंनी पोट चोळत बसल्या. कुंपणापाशी खाटकाची मोटारसायकल थांबली. कोणी मान वर केली नाही.

काजळी कण्हली. शेपटी उचलली. खड्यासारख्या चार लेंड्या पडल्या. दोघींनी त्या उचलल्या, बोटांनी फोडून पाहिल्या आणि लग्नातला लाडू हाती लागल्यासारख्या हसल्या. रवंथ अजून नव्हताच.

"मी थांबू का जाऊ?" खाटकानं विचारलं.

किसनसिंगानं दोघींकडं पाहिलं. "जाय बापा."

मानीबाईनं तेलाची बाटली सुनेपुढं धरली. "घे, आता तूच पाज. अन् डॉक्टरनं सांगतलं तेवढंच!"