दुर्गाबाईंचा नंबर

वऱ्हाडी बोलीच्या अभ्यासकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या, कॉलेजात शिकवणाऱ्या रागिणीने त्यावर मदत मागितली. "अंजनगाव सुर्जीकडं पानमळ्यात राबलेली एखादी जुनी बाई कोनाच्या ओळखीची आहे काय? तिचं बोलनं रेकॉर्ड करा लागते." लोकांनी लगेच अमरावतीच्या साधना मॅडमचं नाव पुढे केलं, आणि इकडे साधनाचा तिळपापड झाला.

का होणार नाही हो? मळ्यात जन्म काढलेल्या दुर्गाबाई म्हणजे साधनाचा ठेवा. त्यांच्याच बोलण्यावर तिचं पुस्तक उभं होतं, आणि ते आता छापायला जायचं होतं. मळ्यातले जुने शब्द बायकांच्या तोंडून पार गेले, असं तिने त्यात ठासून लिहिलं होतं. आणि ही रागिणी, मूळची तेल्हाऱ्याची, कालची पोरगी! भर व्यासपीठावरून "मले असं वाटते" म्हणते आणि टाळ्या घेते. साधनाने पुण्याला शिकताना जिभेवरचं वऱ्हाडी घासून घासून काढलं, तिला मेल्या टाळ्या नाहीत!

सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार? तिने नंबर दिला, पण वर एक खोच मारून ठेवली. "कॉलेजातली मॅडम आहे असं आधीच सांग हं. त्यांना बरं वाटतं." मॅडम म्हटलं की खेड्यातलं माणूस इस्त्रीची भाषा काढतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिची स्वतःची गोष्ट वेगळी, ती तिथे घरची होती. त्या दिवशी तिने खुशीत दोनदा चहा घेतला.

आठवड्याने रागिणीने रेकॉर्डिंग पाठवलं. साधनाने ते मोठ्या हौसेने लावलं.

"मावशी, मी कॉलेजातली मॅडम आहो बरं," रागिणी सांगत होती.

दुर्गाबाई खो खो हसल्या. "मॅडम अन् आमच्यावानी बोलतं? चाल, बस इथं!"

मग गाडी जी सुटली ती सुटलीच. मळ्यातल्या शिव्या, वेलींचे लाड, सासूची नक्कल. साधनाने ज्या शब्दांचं तेरावं घातलं होतं, ते सगळे धडाधड बाहेर पडत होते.

"साधनाबाई आली का मले लय जपून बोला लागते," दुर्गाबाई पुढे म्हणाल्या. "चांगली आहे बिचारी, पन शुद्ध बोलते नं! ते गेली का मंग आमी मोकळ्या होतो."

खाली रागिणीचा निरोप होता. "मॅडम, तुमच्यामुळं खजिना भेटला, लय उपकार झाले. आखीन एक मदत करान काय? तुमची जुनी रेकॉर्डिंग पायजे होती. पाहुण्यासमोर बाई कशी बोलते, हे दाखवाले त्याहून चांगला नमुना कुठं भेटन?"

पोरीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, आणि त्याचाच साधनाला जास्त राग आला. तिकडे ग्रुपवर लोक तिच्या मोठ्या मनाचं कौतुक करत सुटले होते.