सातवा खळगा

माझ्या हातून चुका होत नाहीत, असं मी तेवीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आले. प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या, त्यांना वेळेवर खाऊ घालायचं, औषध द्यायचं, विषाणू सोडायचा, ही सगळी कामं माझ्याकडे. नवे संशोधक मोठमोठ्या बाता मारतात आणि पेशी मेल्या की तोंड पाडून माझ्यापुढे उभे राहतात. मी चार शब्द सुनावते आणि नव्या पेशी देते.

आमचा सगळा संसार एका प्रोटीनभोवती. पेशीच्या मधोमध केंद्रक असतं, तिथे हे राहतं. केंद्रकातून आरएनएचे जे निरोप निघतात, त्यांत नको तो मजकूर घुसलेला असतो. तो कापून काढायचा आणि निरोप नीट जोडून द्यायचा, हे त्याचं काम. पोट बिघडवणारा एक साधा विषाणू पेशीत शिरला, तरी हे प्रोटीन घर सोडून बाहेर पडतं, त्याचे तुकडे होतात आणि निरोपांचा सगळा बट्ट्याबोळ होतो. ताईच्या आजारातही हेच प्रोटीन बाहेर येतं आणि गोळा होऊन बसतं. तिथे त्याला कोण बाहेर काढतं, ते अजून कुणाला नीटसं ठाऊक नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघीच एका घरात राहतो. बसच्या तळावर तिने एकतीस वर्षं गाड्यांच्या घोषणा केल्या. अर्धं गाव तिला चेहऱ्याने नाही, आवाजाने ओळखायचं. या आजारात शरीर हलवणाऱ्या नसा मरत जातात. आधी तिचे हात गेले, मग पाय, आणि आता श्वास अपुरा पडायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, गळ्यातून नळी घालू, मशीन श्वास देईल, वर्षानुवर्षं जगतील. पण उरलासुरला आवाज जाईल. ताईने साफ नकार दिला. आवाज गेल्यावर माझ्यात राहिलं काय, असं तिचं म्हणणं.

मी वाद घातला नाही. आमच्या घरात कुणी कुणाची मनधरणी करत नाही. वडील गेले त्या दिवशीही आम्ही दोघी एकमेकींना चहा हवा का, एवढंच विचारत होतो. मी आपली रोज संध्याकाळी तिला प्रयोगशाळेतल्या बातम्या द्यायचे.

त्या आठवड्यात प्रोटीनला केंद्रकातच धरून ठेवेल अशा नव्या औषधाची पाळी होती. बारा खळग्यांची प्लेट, प्रत्येक खळग्यात पेशी, औषधाचं प्रमाण वेगवेगळं, आणि वरून सगळ्यांना तोच पोट बिघडवणारा विषाणू. मी कुठवर आले ते लिहून ठेवत नाही. प्रत्येक खळग्याला पिपेटचं नवं टोक लावते. डबीत जितक्या जागा रिकाम्या, तितके खळगे झाले. ही माझी जुनी सवय, आणि मी ती सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात शिकवलेली.

सहा खळग्यांत विषाणू सोडून झाला आणि सातवं टोक लावलं, तेवढ्यात ताईला सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला. ताईला पाण्याचा ठसका लागला होता. तिचा श्वास परत येईपर्यंत मी फोन कानाला धरून उभी होते. परत आले, लावून ठेवलेलं टोक कशाला तरी लागलं असेल म्हणून फेकलं आणि नवं घेतलं. त्याआधी डबीत पाहिलं, तर सात जागा रिकाम्या. मी आठव्या खळग्यापासून सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली अकरा खळग्यांत हिरवं रंगवलेलं प्रोटीन बाहेर सांडलेलं होतं. सातव्यात मात्र ते केंद्रकात गप्प बसलं होतं, जागच्या जागी. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, आधी पडताळून बघू, तोवर कुणाला बोलू नका. मी संध्याकाळी घरी गेले आणि चप्पलसुद्धा न काढता ताईला सगळं सांगून टाकलं.

तिने माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाली, नळी घालायला सांग. मंगळवारचा दिवस ठरला.

शनिवारी मॅडमनी प्रत्येक खळग्यातला विषाणू मोजला. सातव्यात विषाणूच नव्हता. औषधाने काही केलं नव्हतं. फेकलेलं टोकही मी झालेल्या खळग्यांत मोजलं होतं. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दोन दिवस मी गप्प राहिले. खोटं कशाला बोलू, मला सांगायचं नव्हतं. सांगितलं तर ती पुन्हा नाही म्हणेल, आणि मला ती हवी होती. बोलत नसली तरी, हलत नसली तरी, त्या खाटेवर हवी होती. पण सोमवारी दुपारी तिचे केस विंचरताना मला राहवलं नाही. डबी, टोक, फोन, सगळं ओकून टाकलं.

ताईने डोळे मिटले. तिला आता एकेका शब्दाला श्वास गोळा करावा लागायचा.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

मग नळीला हो का म्हणालीस, असं मी विचारलं.

"तू पहिल्यांदा... पळत घरी आलीस." पुन्हा श्वास. "औषधासाठी थांब म्हणतेस. 'माझ्यासाठी थांब', असं एकदा तरी म्हण ना."

मी कंगवा खाली ठेवला. हे दोन शब्द तिने माझ्याकडून दोन वर्षं ऐकायची वाट पाहिली, आणि मी तिला प्रोटीनच्या बातम्या देत बसले होते.

"थांब ना ताई," मी म्हणाले. "माझ्यासाठी थांब."

"बरं," ताई म्हणाली.

मंगळवारी नळी घातली. त्याला आता सात महिने झाले. ताई आहे, डोळ्यांनी रागावते, डोळ्यांनीच हसते, आणि मी तिला रोज काहीबाही सांगते. तिचा आवाज ऐकायला मात्र मी तहानलेली असते. संध्याकाळी घरी जाताना बसच्या तळावर मी हटकून उतरते. तिथे आता दुसऱ्याच कुणा बाईचा आवाज गाड्या पुकारतो.