हातानं नाही

सत्तावीस अंडी झाली होती. उरलेल्या तिन्हींच्या कवचाला बारीक खिडक्या पाडून यज्ञेश्वर सुई भरत होता, तेव्हा प्रयोगशाळेतला फोन वाजला. अपर्णा मॅडमनी घेतला.

"तुमच्या मेव्हण्याचा, दत्तात्रयचा होता, इस्पितळातून. तुमच्या मिसेस गेल्या." मग त्यांनी ट्रेकडे पाहिलं. "तीनच राहिलीत ना? करून जा. उघडी राहिली तर बेकार होतील."

तो बसला. सुईत विषाणू होता, रोग पसरवण्याची ताकद काढून घेतलेला. माणसाच्या औषधाचा जीन त्याने कोंबडीच्या अंगात पोचवायचा, म्हणजे पुढे तिच्या अंड्यांतून ते औषध मिळेल. यज्ञेश्वरने तिन्ही अंडी टोचली, खिडक्या मेणाने बंद केल्या, ट्रे उबवणी यंत्रात ठेवला आणि निघाला.

ज्यांना जीन लागत नसे ती पिल्लं बाहेर जाऊ द्यायची नसत. त्यांच्या माना मुरगळणं हे यज्ञेश्वरचं काम. दुखण्यात त्याची बायको अहल्या त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसे. "राहू द्या हो. दत्तू देईल," म्हणायची.

दहाव्या दिवशी रामघाटावर पिंडाला कावळा शिवेना. समोर तीन कावळे नुसते बसलेले. दत्तात्रय थंडीने कुडकुडत होता.

"जिजाजी, ताईला काय हवं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बोलून टाका. कब तक बिठाओगे?"

यज्ञेश्वरने हात जोडले. "या हातांनी पिल्लाची मान मुरगळणार नाही."

कावळा लगेच शिवला.

"बघा," दत्तात्रय म्हणाला. "आधी बोलला असता, तर तुमच्या हातचं पाणी तरी प्यायली असती."

एकविसाव्या दिवशी तिसांपैकी नऊ अंडी फुटली. रक्ताची तपासणी झाली. एका पिल्लाला जीन लागला होता. मॅडमनी पेढे वाटले.

"उरलेली आठ संपवा. उद्या परदेशी कंपनीचे लोक येतायत."

"मॅडम, दुसऱ्या कोणाला सांगितलं तर..."

"दुसरं आहे कोण? दो मिनट का काम है, यज्ञेश्वर. सकाळी पिंजरा रिकामा पाहिजे."

संध्याकाळी मॅडमनी ते एक पिल्लू आपल्या खोलीत नेलं. आठ पिल्लं बल्बच्या उबेला एकमेकांना चिकटून बसली होती. यज्ञेश्वरने एकालाही हात लावला नाही. त्याने बल्ब बंद केला, पिंजऱ्यामागची खिडकी सताड उघडली आणि माधवनगरला घरी गेला. बऱ्याच दिवसांनी तो पोटभर जेवला.

सकाळी त्याला दाराबाहेरूनच आवाज ऐकू आला. सात पिल्लं गारठून ताठ झाली होती. आठवं त्यांच्या खाली दबलेलं होतं, तेवढ्या आडोशाने तगलेलं. त्याला पाहून ते चोच उघडून ओरडू लागलं.

मागून मॅडम आल्या. "अरे, हे काय? रात्रभर हाल करून मारलीत?"

"हातानं नाही मारली," यज्ञेश्वर म्हणाला.

त्यांनी घड्याळ पाहिलं. "ते लोक दहाला येतील," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

यज्ञेश्वर दोन्ही हात खिशात घालून पिंजऱ्यासमोर उभा राहिला. एक पिल्लू राहिलं होतं.