मास्तरांच्या सायकलचा भाव

सायकल उलटी करून मी पुढच्या चाकाला टिचकी मारली. चाक फिरत राहिलं. दुकानासमोरच्या बाकावर एका टोकाला घेणारे, माझे नेहमीचे गिऱ्हाईक, धामणगाव बढ्याचे किसनराव बसले होते, दुसऱ्या टोकाला पदर आवळून केसरबाई. दोघंही गप्प. माझ्या दुकानी तशी रीतच आहे. भाव ठरताना विकणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, घेणाऱ्यानंही नाही. आधी मी सायकल वाचणार, एकेक भाग, मोठ्यानं. मग आकडा सांगणार. पटला तर ठीक, नाहीतर सायकल उचलायची आणि चालू लागायचं. मी कुणाच्या पाया पडत नाही.

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर एकवीस वर्षं हे चाललंय. आण्यांचे नवे पैसे झाले, मैलांचे किलोमीटर झाले, महाराष्ट्र झाला, पण जुनी सायकल घ्यायची तर लोक अजून म्हणतात, सहदेव मिस्त्रीला दाखव. याचा मला गर्व होता. होता म्हणतो, कारण त्या दिवशी तो चांगलाच उतरला.

सायकल गुलाबराव मास्तरांची. नांदुऱ्यापासून दोन कोसांवरच्या खेड्यात ते शाळामास्तर होते. सत्तेचाळीस साली स्टेशनातला गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्याकडून त्यांनी ती जवळजवळ कोरीच घेतली होती. गेल्या पोळ्याला मास्तर वारले. आता केसरबाई ती विकायला आल्या होत्या, आणि कशासाठी ते त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

"शाळेत घड्याळ नाई, भाऊ. हे सावली पाहून घंटा वाजवत. आभाळ आलं का पोरायची सुट्टी कवा लवकर, कवा उशिरा. त्याइच्या नावानं भिंतीवरचं घड्याळ द्याचं हाय शाळेले. एकशे पंधराले हाय. तेवढं आलं म्हंजे झालं."

एकशे पंधरा म्हणजे जुन्या सायकलला फार. पण मी हातात घेतली आणि चाटच पडलो.

"किसनराव, हे सीट पाहा," मी वाचायला लागलो. "सतरा वर्षं वापरलेली सायकल, अन् चामडं मधात दबलं नाई. मागच्या कोपऱ्यावर काळा डाग हाय, तो तेलाचा असन. पायडलच्या रबराची नक्षी शाबूत. चेन ताठ. फ्रीव्हीलचे दात पाहा, काल दुकानातून आणल्यावाणी. टायर बदलले हायेत. डावी मूठ तेवढी गुळगुळीत झाली, उजवी कोरी."

मग मी जरा थांबलो. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायची मला वाईट खोड आहे.

"याचा अर्थ एकच. मास्तरले सायकल चालवताच येत नोती. माह्याकडे हवा भराले येत, तवाबी हातात धरूनच आणत. सतरा वर्षं नुसती मिरवली. म्हंजे सायकल नवीच. एकशे वीस रुपये."

किसनराव पोट धरून हसले. "काय बे सहदेव! मास्तर अन् सायकलले भ्याला? पोरायले काय शिकवत असन?" मीही हसलो. खोटं कशाला सांगू, माझ्याच हुशारीवर हसलो.

केसरबाईंना घड्याळ मिळून वर पाच रुपये उरत होते. त्यांनी फक्त मान हलवायची होती. पण त्या उठून उभ्या राहिल्या.

"बोलू का, भाऊ?"

रीत मोडली. पण मी मानेनंच हो म्हणालो.

"त्यायले चालवता येत होती. लय चांगली येत होती. आणली त्याच बाजारी मले मांगं बसवून घेऊन आले. नाल्याच्या उतारावर मी घाबरले, उडी टाकली, गुडघा फुटला. त्यानंतर मी काई बसले नाई. म्हनलं, तुमी जा सायकलवर, मी येतो पायी. तर म्हने, मी पुढं जाऊन तथी काय करू? मंग पिशव्या कॅरेजले बांधत अन् हातात धरून चालत. माह्या गुडघ्याले त्रास व्हाचा म्हून मी पलीकडल्या बाजूनं सीटले धरून चालो. दर बाजारी. जायचे दोन कोस, यायचे दोन कोस. लोक हसत, मास्तरले सायकल चालवता येत नाई म्हनत. हे कोनाले काई बोलले नाईत. पन आता ते नाईत, त मले आयकवत नाई."

किसनरावांचं हसू कुठल्या कुठे गेलं. मी सीटच्या मागच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. डाग तेलाचा नव्हता. हात लागून लागून चामडं काळं, गुळगुळीत झालं होतं. चार बोटांची जागा ओळखू येत होती. मेल्या, हे तुला दिसलं नाही, असं मी मनात स्वतःला म्हणालो.

आता पुढचं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "बाई, असं असन त चाकं लय चालले. आतून खोलून पाहा लागन. भाव कमी होईन."

"मले समजते, भाऊ. खोला."

पान्यानं मागचं चाक उतरवलं, आस काढला. छर्रे खडबडीत झालेले, ते ज्यात फिरतात त्या वाट्यांना खड्डे. पुढच्याचीही तीच गत. सायकलवर कुणी बसलं नव्हतं, पण सतरा वर्षांचे बाजार तिच्या चाकांनी केले होते. चाकं पुन्हा बसवली आणि सांगितलं, "पंच्याऐंशी." एवढा जड आकडा मी आजवर उच्चारला नव्हता.

"वरचे तीस मी टाकतो, मास्तरीणबाई. चूक माही हाय."

"नाई, भाऊ. कापूस येचनीचे दिवस हायेत. चार आठवडे मजुरीनं जाईन. घड्याळ दिवाळीनंतर लागन, एवढंच." त्यांच्या चेहऱ्यावर तीस रुपये गेल्याचं काही नव्हतं. सकाळी आल्या तेव्हापेक्षा ताठ उभ्या होत्या.

किसनरावांनी घासाघीस केली नाही. नोटा बाईंच्या हाती दिल्या, माझा दलालीचा रुपया मी घेतला नाही. किसनरावांना गावी जायला मोताळ्याच्या गाडीच्या टपावर सायकल चढवायची होती, बाईंनाही स्टँडवरच जायचं होतं. एरवी किसनराव घेतलेल्या सायकलवर टांग मारून माझ्या दुकानासमोर एक चक्कर घेतल्याशिवाय जात नाहीत. त्यांनी हँडल धरलं. पायडलकडे पाहिलं. मग म्हणाले, "चाला, मास्तरीनबाई. हळूच जाऊ."

ते डाव्या बाजूनं सायकल धरून चालायला लागले. केसरबाई पलीकडून निघाल्या. गुडघ्यामुळे जरा लंगडत होत्या. रॉकेलच्या दुकानापर्यंत गेल्या असतील, तेव्हा त्यांचा हात आपोआप सीटच्या मागच्या कोपऱ्यावर गेला. किसनरावांनी ते पाहिलं आणि पावलं आणखी हळू केली.