बुरुलचाच्या नातवाचा पाळणा

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता बुरुलचाने नातवाचा पाळणा पाचव्या मजल्यावरच्या घरातून उचलला आणि अंगण ओलांडून समोरच्या इमारतीत, नणंदेच्या घरी नेला. नातू बेकतुर याला जन्मून अजून चाळीस दिवस झाले नव्हते. तोवर बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम आजवर तिनेच सगळ्यांकडून पाळून घेतला होता.

पण आठवड्यापूर्वी मोबाईल कंपनीच्या माणसांनी छतावर अँटेना बसवले होते, नेमके पाळण्याच्या वर. सून चोलपोन सोमवारपर्यंत थांबा म्हणत होती. सोमवारी लहरी मोजणारा माणूस येणार होता.

"तो येईपर्यंत पोराचा मेंदू शिजायचा, सूनबाई," बुरुलचा म्हणाली. "तू बस मोजत."

तिने पाळण्याभोवती अर्चाच्या, म्हणजे डोंगरी ज्युनिपरच्या, डहाळीची धुरी फिरवली, उशाखाली भाकर ठेवली आणि निघाली. किर्गिझस्तानातल्या या नारीन गावात मार्चचा वारा बोचरा असतो. चोलपोन अंगावरची शाल पाळण्यावर धरून मागे चालत राहिली.

रविवारी बाळाने दूध कमी घेतलं. सोमवारी अंग जरा गरम लागलं.

मोजणारा रेनात दुपारी आला. पाळण्याच्या जुन्या जागी त्याने यंत्र धरलं. कायद्याने परवानगी दहापर्यंतची, आकडा जेमतेम शून्याच्या वर. अँटेना लहरी खाली सोडत नाही, बागेतल्या नळीच्या धारेसारख्या समोर फेकतो, असं त्याने सांगितलं. चोलपोनने विचारलं, समोर म्हणजे कुठे. रेनातने खिडकीबाहेर, अंगणापलीकडच्या इमारतीकडे बोट केलं.

नणंदेच्या खिडकीपाशी आकडा अडीचच्या आसपास भरला.

"मर्यादेच्या पुष्कळ आत आहे, आपा," तो बुरुलचाला म्हणाला. "यानं ताप येत नाही. डॉक्टरला दाखवा."

"इथं जास्त की तिथं?"

"इथं. पण..."

पुढचं तिने ऐकलं नाही.

तो गेल्यावर चोलपोनने पाळण्याच्या दांड्याला हात घातला. बुरुलचा दारात बसली होती. ती उठली नाही.

"पुन्हा उंबरा? चाळीस दिवसांच्या आत दोनदा?"

"आपा, आणलं कुणी?"

"मीच आणलं. म्हणूनच म्हणते."

नणंद म्हणाली, तुम्ही दोघी भांडा, मी खिडकी झाकते. तिने गालिचा टांगला. त्याने काय अडतं, हे तिघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळी येते असं कळवलं आहे. बाळाला दवाखान्यात न्यायला बुरुलचा तयार नाही. सहा वाजता पाळणा दोन खोल्यांमधल्या बिनखिडकीच्या बोळात होता. तिथला आकडा कुणी घेतलेला नाही. बाळाचा ताप शेवटचा पाहिला तेव्हा साडेसदतीस होता.