न मोजलेला उतारू

आमच्या खोऱ्यात पूर्वी दिवसाला तीन बस यायच्या, त्याही रिकाम्या. मग नगरपालिकेला जाग आली. नवी लहान गाडी, दर अर्ध्या तासाला फेरी, आणि थांब्यावरच उभं राहायला हवं असंही नाही. वाटेत कुठेही हात करा, बस थांबणार. लोकांनी मोटारी घरी ठेवाव्यात म्हणून हा सगळा खटाटोप. मार्चअखेर फेरीमागे सरासरी चार माणसं भरली तर बस राहील, नाहीतर बंद. चालवायला मी, मिसाओ. दर उतारूला हातातलं मोजणीयंत्र एकदा दाबायचं, हेही माझंच काम.

माझा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकलेला. माझे वडील तोकुजी, वय चौऱ्याऐंशी, अजून आपला पांढरा छोटा टेम्पो चालवायचे. त्याच्या दोन्ही बाजू सोलवटलेल्या. मध्यंतरी शाळेच्या कुंपणाला धडकले आणि वर म्हणाले, कुंपणच पुढे सरकलंय. सुदैवाने तेव्हा पोरं वर्गात होती. लायसन परत करा म्हटलं की एकच उत्तर, "तुझ्या बसमध्ये चिटपाखरू नसतं. ती बंद पडली की मी काय चालत जाऊ?" आणि ते खरं होतं, म्हणून जास्त राग यायचा.

पण मला एक कळेना. सकाळी आठच्या फेरीला माणसं फाटकात उभी असायची, बाहेर जायचे कपडे, हातात पिशवी. मी वेग कमी केला की ती काचेतून आत बघायची, मला कमरेत वाकून नमस्कार करायची आणि घरात वळायची. दहा मिनिटांनी त्यांचीच मोटार माझ्या मागे! गाडीला वास येतो की माझं तोंड आवडत नाही? मी एकदा बस हुंगूनसुद्धा बघितली.

शेवटी सुट्टीच्या दिवशी त्या फाटकात उभ्या राहणाऱ्यांपैकी किनुए काकूंकडे जाऊन बसले. चहा झाला, मुळ्याचं लोणचं झालं, थंडीबद्दल बोलून झालं, तेव्हा कुठे काकू मूळ मुद्द्यावर आल्या.

"अगं, आत कुणीच नसतं. माझ्या एकटीसाठी एवढी बस थांबवायची? कसं दिसतं ते? कुणी बसलेलं असतं तर चढले असते."

मी कपाळाला हात लावला. अख्खं खोरं एकमेकांच्या चढण्याची वाट बघत मोटारी चालवत होतं.

त्याच संध्याकाळी मी बाबांपुढे बसले. म्हटलं, पाखरं हाकलायला शेतात बुजगावणं लावता ना? मला माणसं बोलवायला एक लावायचंय. आठच्या फेरीला पहिल्या खिडकीत नुसतं बसायचं. बाबा गवती टोपी शोधायला उठले.

"पण मला मोजायचं नाही," म्हणाले. "बुजगावणं म्हणजे उतारू नव्हे."

दोन दिवस कुणी हललं नाही. तिसऱ्या दिवशी किनुए काकूंनी हात केला, तोही खांद्यापर्यंतच. मग त्यांना बघून पलीकडचे आले. फेब्रुवारीत तर बाबांच्या खिडकीवरून कुरबुर सुरू झाली. रोज हाच म्हातारा का बसतो म्हणे. मार्चच्या मध्यात सरासरी साडेचारवर गेली, तेव्हा मी बाबांना सांगितलं, आता नाही आलात तरी चालेल. ते हूं म्हणाले. त्या दिवशी मात्र ते पोलीस ठाण्यापाशी उतरले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, माणसाला कामं असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते फाटकात उभे. टोपी नव्हती. त्यांनी चांगला उंच हात केला, चढले आणि माझ्यासमोर एक कार्ड धरलं. लायसन परत करणाऱ्यांना पोलीस ठाण्यात मिळतं ते, कोरं करकरीत.

"आजपासून मला मोज."

मी यंत्र दाबलं. नजर कार्डावरच होती, ते दोनदा दाबलं गेलं.

बाबा खिडकीकडे जाताजाता थांबले. "एक कमी कर," म्हणाले.