भावाचं रक्त

"मग धाकट्या भावाचं रक्त भरा ना ह्यांना," ललिता म्हणाली.

नाशिकरोडचे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा समजावलं. दारू पोटात गेली की शरीर तिचं विष करतं, आणि ते विष साफ करायला एक एन्झाइम असतं. धाकट्या गोटीरामचं एन्झाइम जन्मतःच मंद असावं. घोटभर घेतली तरी त्याचं तोंड लालबुंद व्हायचं, छाती धडधडायची; त्याने दारूचा नाद कधीच सोडला. थोरल्याला, ललिताच्या नवऱ्याला, झुंबरला मात्र कधी काही झालंच नाही. शरीराने त्याला अडवलं नाही. सगळा दोष एन्झाइमचा नसतो, पण ते रक्त भरूनही बदलत नाही.

लग्नात बाटली रिचवून सरळ चालतो म्हणून झुंबरचं कौतुक झालेलं ललिताला आठवलं. आता एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात राख उपसायच्या कामावर त्याला कोणी उभं करत नव्हतं. सकाळी चहाआधी दारू घेतल्याशिवाय त्याच्या हातांची थरथर थांबत नव्हती.

डॉक्टरांकडे एक गोळी होती. ती घेऊन दारू प्यायला तर त्याचीही गत गोटीरामसारखीच होणार होती, कदाचित जास्तच वाईट. म्हणून गोळी त्याने स्वतः कबूल होऊन घ्यायची, चोरून द्यायची नाही. जीव जाऊ शकतो, असं त्यांनी बजावलं. झुंबर येऊन कबूल झाला, दारू सोडून त्याने दोन दिवस गोळ्या घेतल्या आणि पाकीट उकिरड्यावर फेकलं. ललिताने ते उचलून आणलं.

पुढच्या आठवड्यात त्याने पिऊन लेकीचा, ज्योत्स्नाचा, हात पिरगळला. हाड मोडलं. दुसऱ्या दिवसापासून ललिता दुपारच्या डाळीत गोळी कुटून घालू लागली.

तिसऱ्या संध्याकाळी तो गुत्त्यावर कोसळला. चेहरा तांबडालाल, श्वास पुरत नव्हता. रिक्षात त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती एकच बोलत राहिली, "मरू नका. पुन्हा नाय घालणार."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं? तिने खरं सांगितलं. खाटेवरचा झुंबर शुद्धीवर होता. त्याने ऐकलं.

तो वाचला. महिनाभर कोरडा राहिला आणि मग पुन्हा पिऊन घरी आला. ललिताने ताट वाढलं. त्याने शिवी दिली नाही, हात उगारला नाही. ताट तिच्यापुढे सरकवलं.

"आधी तू खा."

ललिता खाली बसली. भाकरीचा तुकडा मोडून डाळीत बुडवला आणि तोंडात घातला. घास उतरेपर्यंत झुंबर तिच्या गळ्याकडे बघत राहिला.